विहिरीची पातळी मोजायला शिकताना

भूजल शिकायचं म्हणताय, उत्तम! नकाशे आणि सॉफ्टवेअर सध्या बाजूला ठेवा. गावातल्या पाचसहा विहिरी निवडा आणि वर्षभर त्यांची पातळी मोजा.

कठड्यावर रंगाने एक खूण करा, प्रत्येक माप तिथूनच घ्या. कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची खोली मिळते. ही वजाबाकी नवशिके हमखास विसरतात. दुसरी चूक म्हणजे पंप बंद झाल्या झाल्या मोजणं. तेव्हा पातळी ओढलेली असते. सकाळी, उपसा सुरू होण्याआधी जा. निदान मेअखेर आणि ऑक्टोबरात तरी माप चुकवू नका.

विहिरीच्या भिंतीही वाचा. मुरूम कुठे संपतो, भेगा कुठे, पाझर नेमका किती फुटांवर? आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं, म्हणून शेजारशेजारच्या विहिरी वेगळ्या वागतात. एकीवरून गावाचा अंदाज बांधू नका. आणि साठा फार थोडा: खडकाच्या आकारमानाच्या 2 टक्के धरला, तर पातळी 1 मीटर उतरली म्हणजे जेमतेम 20 मिलिमीटर पाणी गेलं.

पंपिंग टेस्टची, म्हणजे उपसा करून पातळी कशी उतरते-चढते ते मोजण्याची, गणितं पुढच्या वर्षी. शेतकऱ्याला मात्र आजच विचारा, उपसल्यावर विहीर किती तासांत भरते?