प्रास्ताविका तोंडपाठ असलेल्या नववीच्या मुलीला स्वातंत्र्याचे आदर्श कसे समजावून सांगावेत?

मुलीला संविधानाची प्रास्ताविका घडाघडा म्हणता येते, पण त्यातले ‘स्वातंत्र्य’ तिला १५ ऑगस्टच्या झेंड्यापलीकडे कळत नाही, असे आपण लिहिले आहे. दोष तिचा नाही. इंग्रज बोटीत बसले की आपण स्वातंत्र्याची गोष्ट संपवतो, आणि प्रास्ताविकेत तर इंग्रजांचे नावही नाही. विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य एवढेच तिथे म्हटले आहे, आणि ते आपल्याच माणसांपासून, आपल्याच सरकारपासून आणि पुष्कळदा आपल्याच भीतीपासून सांभाळायचे असते. हे मी अभिमानाने नव्हे, काहीशा शरमेने लिहीत आहे.

१९७६ साली, म्हणजे आणीबाणीत, छापायच्या मजकुरावर सरकारी सेन्सॉरची नजर असे. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि गिरगावातल्या एका लहानशा छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवीत असे. आमच्याकडे छापल्या जाणाऱ्या एका मासिकाच्या ऑगस्ट अंकात लोकमान्यांच्या पुण्यतिथीनिमित्त लेख होता. त्यात १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यातले त्यांचे शेवटचे निवेदन दिलेले होते. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविल्यानंतर टिळकांनी न्यायमूर्ती दावर यांना सांगितले होते की, ज्यूरीचा कौल काहीही असो, मी निरपराधच आहे. या न्यायासनाहून वरच्या शक्ती आहेत, आणि मी मोकळा राहण्यापेक्षा मी सोसल्यानेच माझे कार्य फोफावावे अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस काम बंद ठेवले. हा सगळा मजकूर मी जुळवला, जुळलेल्या ओळींची गॅली बांधली, तपासण्यासाठी प्रूफ काढले. मालकांनी ते उभ्याउभ्याच वाचले, तांबड्या पेन्सिलीने दोन परिच्छेदांवर काट मारली आणि एवढेच म्हणाले, “हे काढून टाक.”

सेन्सॉरने ते प्रूफ पाहिलेसुद्धा नव्हते. परक्या सरकारला उद्देशून अडुसष्ट वर्षांपूर्वी काढलेले उद्गार आपल्या सरकारला टोचतील, हा हिशेब मालकांनी स्वतःच केला होता, आणि मीही अवाक्षर न काढता खिळे उचलून त्यांच्या त्यांच्या खणात टाकू लागलो. जुळवायला दीड तास लागला होता. मोडायला वीस मिनिटे पुरली. जागा कोरी सोडण्याची सोय नव्हती, कारण कोऱ्या जागेचाही अर्थ लावला जाई. म्हणून टिळकांच्या चित्राचा लहान ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, काढून तिथे मोठा बसविला. अंक हातात पडल्यावर लोक म्हणाले, यंदाचा अंक देखणा झाला आहे.

तेच उद्गार मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. त्या फलकाचे अनावरण १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केले. आमच्या छापखान्यापासून तो फलक पायी अर्ध्या तासावर होता.

त्या रविवारी मी हे घरी सांगितले तेव्हा आमचे भावोजी म्हणाले, “तुझा पगार थांबला का? लोकल वेळेवर येतात, बाबू दहाच्या ठोक्याला खुर्चीत असतो. दोन परिच्छेदांनी कुणाचे पोट भरते?” तेव्हा मला उत्तर सुचले नाही. पुढली कित्येक वर्षे दर गणपतीत हाच वाद होत राहिला, म्हणून उत्तर इथे देतो. गाडी वेळेवर सोडणे हे रेल्वेचे कामच आहे. त्यासाठी कुणाच्या तोंडाला कुलूप लावावे लागत नाही. आणि ज्या उन्हाळ्यात भावोजी वेळेवरच्या लोकलचे कौतुक करीत होते, त्याच एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरविले होते की, आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दारच ठोठावता येणार नाही. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांना पुढल्याच जानेवारीत डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले. माझा पगार थांबला नाही, हे खरे आहे.

मालकांनाही मी सगळा दोष देत नाही, पण मार्ग नव्हता असे कुणी म्हणू नये. त्याच वर्षी फेब्रुवारीत मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातील मजकुरावर सेन्सॉरने घातलेली बंदी याच उच्च न्यायालयाने मोडीत काढली होती. आम्हाला कोर्टाची पायरी चढायची नव्हती, इतकेच.

आता आपल्या मुलीविषयी. तिला प्रास्ताविकेतल्या विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा, उपासना या पाच शब्दांपैकी एक खोडायला सांगा आणि तो खोडल्यावर आपल्या घरात, इमारतीत, शाळेत उद्यापासून काय काय बंद पडेल ते लिहायला लावा. जमल्यास तिला तो फलकही दाखवा. अर्थात न्यायालय हे काही संग्रहालय नव्हे, तेव्हा आत जाण्याची परवानगी आधी विचारून घ्यावी. शिवाय आणीबाणीची तरतूदही त्याच संविधानात होती, हे तिच्यापासून लपवू नका. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही अशी व्यवस्था केली; ती मूळ मसुद्यात नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, माणूस कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये. ते भाषण तिला पूर्ण वाचू द्या. नववीच्या मुलीला ते झेपते.

भावोजी आता सत्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या गणपतीत मी जपून ठेवलेला तो अंक त्यांच्यासमोर ठेवला आणि ते पान उघडून दिले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ नेले, बराच वेळ निरखले आणि म्हणाले, “चित्र मात्र फार सुरेख उठले आहे.”