जेझुइट संस्थेतून एमबीए करायचंय? आधी एवढं बघ

जेझुइट हा कॅथलिक ख्रिस्ती धर्मगुरूंचा संघ. पण तू ख्रिश्चन नाहीस म्हणून कचरू नकोस. जमशेदपूरचं एक्सएलआरआय जेझुइटांनी १९४९ मध्ये काढलं, पण तिथे सगळ्या धर्मांची मुलं शिकतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- फक्त कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करतात. एक्सएलआरआयची प्रवेश परीक्षा झॅट. तिच्यात ‘डिसिजन मेकिंग’ (निर्णय घेणं) हा वेगळा विभाग असतो. प्रसंग देतात, त्यात माणसं आणि नियम दोन्ही सांभाळून निर्णय घ्यायचा. जुन्या प्रश्नपत्रिका सोडव आणि प्रत्येक उत्तरामागचं कारण लिहून काढ. सवय लागायला वेळ लागतो, आजच सुरू कर.
- पदवी की पदविका हे बघत नाहीत. एक्सएलआरआय पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदविका देतं; भुवनेश्वरचं एक्सआयएम विद्यापीठ एमबीए पदवी.

मुलाखतीत नीतिमूल्यांवर पाठ केलेलं बोलू नकोस. स्वतःचा खरा प्रसंग सांग, छोटा असला तरी चालेल.