जुनी, विस्मरणात गेलेली पॉप सिंगल्स (दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकड्या) पुन्हा प्रकाशित का होत नाहीत?

मागणी नसते हे कारण अर्धेच खरे आहे. खरी अडचण बहुधा हक्कांची असते. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टर या अमेरिकी कंपनीने सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी बाजारात आणल्यानंतर असंख्य छोट्या कंपन्यांनी एकेक सिंगल काढले आणि त्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या, त्यामुळे आज ध्वनिमुद्रणाचा मालक नेमका कोण, हे शोधण्याचा खर्च पाचशे-हजार प्रतींच्या विक्रीतून भरून निघत नाही. शिवाय गीत-संगीताचा हक्क ध्वनिमुद्रणाच्या हक्काहून वेगळा असतो आणि त्याची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न मूळ टेपचा. युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात २००८ मध्ये लागलेल्या आगीत अनेक मास्टर टेप (मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेप) नष्ट झाल्या; सत्तरच्या दशकातील काही टेपवरील चिकट थर ओलावा शोषून इतका बिघडतो की सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअसवर कित्येक तास भाजल्याशिवाय त्या वाजवताच येत नाहीत. मास्टर नसेल, तर चांगल्या अवस्थेतील तबकडीवरूनच प्रत उतरवावी लागते, आणि अशी तबकडी बहुधा एखाद्या संग्राहकाकडेच सापडते!

मूळ सिंगलच पुन्हा निघावे हा संग्राहकांचा हट्ट मला अवाजवी वाटत नाही. साठच्या दशकातील सिंगलचे मोनो (एकाच ध्वनिवाहिनीचे) मिश्रण अल्बममधील स्टिरिओ (दोन वाहिन्यांच्या) आवृत्तीहून अनेकदा वेगळे असे आणि मागच्या बाजूचे गाणे अल्बममध्ये नसेही, म्हणून अल्बम उपलब्ध आहे एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही.