‘परपोषी’ आणि ‘परजीवी’ एकच का?

फोंड्याच्या एका शिक्षिकाताईंनी विचारले आहे की, ‘सुरेतील यीस्ट परजीवी असते’ (सूर म्हणजे माडाचा आंबलेला रस, माडी) हे त्यांच्या टिपणातले वाक्य सहकाऱ्यांनी ‘परपोषी असते’ असे दुरुस्त केले; पण या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच नाही का?

नाही, आणि दुरुस्ती योग्य आहे. ‘पोषी’ हे ‘पुष्’ म्हणजे पुष्ट होणे, वाढणे या धातूवरून आले आहे. शरीर घडवण्यासाठी लागणारा कार्बन जीव हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून मिळवतो, की दुसऱ्या जीवांनी तयार केलेल्या पदार्थांतून, एवढेच ‘स्वयंपोषी’ आणि ‘परपोषी’ हे शब्द सांगतात. ‘जीवी’मध्ये उपजीविकेचा भाव आहे, जिवंत झाडाच्या किंवा प्राण्याच्या अंगावर वा अंगात राहून त्याला झीज लावतो, तो परजीवी. आंब्यावरचे बांडगूळ पाहावे. हिरव्या पानांत ते स्वतःचे अन्न बनवते, तरी पाणी व क्षार आंब्याचे ओढते, म्हणून स्वयंपोषी असूनही ते परजीवीच.

आता सूर घेऊ. माडाच्या पोयीतून (फुलोऱ्यातून) ठिबकणारा रस गोड असतो तो मुख्यतः सुक्रोजमुळे. यीस्ट हे सुक्रोज पेशीच्या बाहेरच्या बाजूला विकराने (एन्झाइमने) फोडते, त्यातून सुटलेले ग्लुकोज व फ्रुक्टोज आत घेते, आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. सान्नांचे (सूर घालून केलेल्या इडलीसारख्या पदार्थाचे) पीठ फुगते ते याच वायूमुळे. यात माडाचे काहीही झिजवलेले नाही, म्हणून यीस्टला परजीवी म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय ते घास गिळत नाही, म्हणून ‘साखर खाते’ हे बोलताना चालले तरी टिपणात मी ‘शोषून घेते’ असेच लिहीन.

‘स्वयंपोषी म्हणजे सूर्यप्रकाशावर जगणारा’ ही व्याख्याही अपुरी आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी 1890 च्या सुमारास दाखवले की, मातीतील काही जिवाणू अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवून, अंधारातही, कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर घडवतात. ऊर्जेचा प्रश्न वेगळा असल्याने त्यासाठी ‘प्रकाशपोषी’ व ‘रसायनपोषी’ हे शब्द आहेत.

परपोषींतही गरजा सारख्या नसतात. आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू ग्लुकोज व थोड्या क्षारांवर वाढतो. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलस या जिवाणूला मात्र अनेक अमिनो आम्ले आणि ब गटातील जीवनसत्त्वे आयती लागतात. अशा जिवाणूंना ‘चोखंदळ’ म्हणावे असे मला मनापासून वाटते, कारण जेवणाच्या ताटाशी हा शब्द आपण रोज वापरतो आणि विद्यार्थ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

टिपणात ‘सुरेतील यीस्ट परपोषी असते, परजीवी नव्हे’ असे दोन्ही शब्द शेजारी ठेवून लिहावे.