नागली सरकारला द्यायची असेल तर आधी वनपट्ट्याचं बघा

ताई, तुमच्या पेठ तालुक्यातल्या गटाची नागली (नाचणी) रासायनिक खताशिवाय पिकते, ती सरकारी खरेदीत द्यायची आहे आणि त्यासाठी आधी सेंद्रिय प्रमाणपत्र काढावं का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या अकोले (अहिल्यानगर) तालुक्याकडच्या गटाने हेच भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रमाणपत्राची घाई नको. हमीभावाच्या केंद्रावर माल एफएक्यू, म्हणजे ठरलेल्या सरासरी प्रतीचा, आहे का, एवढंच बघतात. ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा, माती-खडा नको, दाणा किडका नको. शेणखतावर पिकवली की युरियावर, याला रकानाच नाही. पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची शेतं तपासून घ्यायचं सेंद्रिय प्रमाणपत्र, गटाने मिळून काढता येतं, नाशिक-पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी ते कामाचंही आहे. पण केंद्रावर त्याचा एक रुपया जास्त मिळत नाही.

आमचं खरं नुकसान झालं सातबाऱ्यापायी. नोंदणीला सातबाऱ्यावर पीकपेरा लागतो आणि तो आता ई-पीक पाहणीतून, म्हणजे मोबाइल ॲपवर केलेल्या पिकाच्या नोंदीतून, चढतो. आमच्यातले बरेच जण वनपट्टाधारक. कसणं पिढ्यान्‌पिढ्यांचं, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली वनजमीन कसायचा पट्टाही मिळालेला, पण सातबाऱ्यावर वनखातं. ॲपमध्ये यांची नावंच सापडेनात. नोंदणी ज्या कार्यालयात होती (नाव घेत नाही) तिथे पट्टा दाखवला, तर ‘यावर पीक कुठंय?’ तलाठ्याचा दाखला नेला, तर वनखात्याचा आणा. नकार तरी लेखी द्या म्हटलं, तर तेही नाही. लोकांच्या डोक्यावर उधारी, पोती किती दिवस घरात ठेवणार? व्यापाऱ्याने पडेल भावात उचलली. ज्यांच्या डोंगरउतारावर कधी युरियाची गोणी चढली नाही, नेमके तेच खरेदीबाहेर राहिले. याचा राग अजून जात नाही.

दुसरं, आणि हे माझं मत आहे. आपल्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत एक साल नागली, मग वरई, मग खुरासणी (कारळे) अशी फेरपालट चालत आलीय. केंद्र सरकार हमीभाव जाहीर करतं त्या 14 खरीप पिकांत नागली आहे, खुरासणी आहे, वरई नाही. त्यातही खुरासणी घेणारं खरेदी केंद्र आमच्या बाजूला मी पाहिलेलं नाही. 2024-25 ला नागलीचा हमीभाव क्विंटलला 4,290 रुपये होता. एकट्या नागलीलाच भाव मिळाला तर माणूस त्याच उतारावर दरसाल नागलीच लावणार, त्याला दोष कसा द्यायचा? शेती टिकवायची तर सरकारने फेरपालटीतली सगळी पिकं घ्यायला हवीत.

खरेदी केलेलं धान्य जाणार कुठे, तेही ठरलेलं हवं. ओडिशाने 2017 साली मिलेट मिशन (भरडधान्यांची योजना) सुरू केलं. तिथे नागली हमीभावाने घेऊन रेशनवर दिली, केओंझरसारख्या जिल्ह्यात अंगणवाडीत तिचे लाडू दिले. ब्राझीलने तर 2009 च्या कायद्याने शाळेच्या जेवणाच्या केंद्रीय निधीतला किमान 30 टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांकडच्या खरेदीसाठी राखला, आणि त्या योजनेच्या नियमांत सेंद्रिय मालाला 30 टक्क्यांपर्यंत जास्त भाव द्यायची मुभा ठेवली. आपल्याकडे सेंद्रिय मालाला जास्त भावाचा असा रकाना झाला की प्रमाणपत्राचा खर्च जरूर करा.

जाता जाता, मळणी सारवलेल्या खळ्यावर करत असाल तर खाली ताडपत्री घाला. नागलीचा दाणा मोहरीएवढा, त्यात गेलेली वाळू चाळणीनेही निघत नाही, आणि केंद्रावर पोतं तिथेच अडतं.

नियम दर हंगामाला नव्या पत्राने बदलतात, तेव्हा मी लिहिलंय ते तुमच्याकडे एकदा विचारून घ्या. पण वनपट्टेवाल्यांची यादी आत्ताच, कणसं भरायच्या आधी, करा. ग्रामसभेचा ठराव जोडून अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण जिल्ह्याच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष तेच असतात. खाली प्रत त्या खरेदीच्या कार्यालयाला. आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.