जुना लॅपटॉप विकतोय, दुकानदार म्हणतो 'फॉरमॅट मारून देतो'. तेवढं पुरे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून तो विकायला काढलाय. आत एक टीबीची हार्ड डिस्क, तिचे सी, डी, ई असे तीन भाग. घरातल्या सगळ्यांचे आधार, पॅन, पासबुकाचे फोटो त्यात आहेत आणि वडिलांच्या दुकानाचा टॅलीचा हिशेबही. घेणारा म्हणतोय, "काळजी करू नका, फॉरमॅट मारतो."

पुरे नाही. मी लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्यामुळे ही पद्धत आतून माहीत आहे. दुकानात फॉरमॅट मारतात तेव्हा सी ड्राइव्ह पुसून त्यावर नवं विंडोज टाकतात. डी आणि ई ला कुणी हात लावत नाही. यात लबाडी असतेच असं नाही. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक "डी मधलं काही जाऊ देऊ नका हं" असं बजावत असतं, आमच्या हाताला तीच सवय. विकायच्या मशीनवरही हात त्याच सवयीनं चालतो आणि तुमच्या मुलीच्या बारशाचे फोटो नव्या मालकाच्या घरी जातात.

सी तरी नीट पुसला जातो का? तोही नाही. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त नोंदवही, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची यादी, नवी होते. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून विहीर बुजत नाही, तसं. त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथेच पडून असतं.

कुणाचा विश्वास बसला नाही की मी त्यांच्याच पेनड्राइव्हवर करून दाखवतो. आधी त्यांच्यासमोर झटपट फॉरमॅट करायचा, पेनड्राइव्ह रिकामा दिसतो. मग फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर सोडायचं. ते नोंदवहीकडे बघतच नाही. फोटो, पीडीएफ, एक्सेल यांच्या फाइली ज्या ठरावीक खुणांनी सुरू होतात त्या खुणा हुडकत जातं. थोड्या वेळात फोल्डरमध्ये रांग लागते. नावं गेलेली असतात, 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा एवढंच, पण उघडलं की आतला मजकूर जसाच्या तसा. लग्नपत्रिकेची पीडीएफ, भाडेकरार, पॅनकार्डाचा तिरका काढलेला फोटो. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून त्यावरही विसंबू नका. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, आणि या दोन्ही गोष्टी शेजारच्याच पॅनकार्डावर छापलेल्या असतात.

"पण जुन्या डिस्कमध्ये डोकावायला वेळ कुणाला आहे?" हेही लोक विचारतात. एमआयटीतल्या गारफिंकेल आणि शेलाट या दोघा संशोधकांनी मुद्दाम १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. एक तर एटीएम यंत्रातली असावी, तिच्यात लोकांचे खातेक्रमांक होते. हे २००३ मध्ये छापून आलं. आज आपल्या डिस्कवर त्याहून कितीतरी जास्त भरलेलं असतं.

आता तुमच्या मशीनचं काय करायचं. पुसण्याआधीची कामं लोक गाळतात, आणि रडारड तिथेच होते. बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. नुसती फाइलींची यादी बघून समाधान मानू नका, दोन-चार फाइली खरोखर उघडा. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, चालू असेल तर त्या फोल्डरमधल्या फाइली एकेक करून डिलीट करू नका. तिथे डिलीट केलं की ऑनलाइन प्रतही जाते, मग तीस दिवसांच्या आत तिकडच्या रीसायकल बिनमधून उपसत बसावं लागतं. क्रोमचंही तसंच. सिंक चालू असताना साठवलेले पासवर्ड पुसलेत तर ते फोनवरूनही गायब होतात. म्हणून आधी वनड्राइव्ह अनलिंक करा, क्रोममधून साइन आउट करा. पुसापुशी त्यानंतर.

टॅलीचा बॅकअप तर घ्याच, पण लायसन्स सरेंडर करायला विसरू नका. मशीन पुसल्यावर मग नव्या मशीनवर लायसन्स चढवताना फोनाफोनी करत बसाल. वडील जीएसटीच्या कामाला डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असतील तर तो काढून घ्या. लॅपटॉपच्या बाजूला खुपसलेला टोकन तसाच गिऱ्हाइकाकडे जाताना मी पाहिलाय.

आता डिस्क. तुमची फिरणारी, म्हणजे जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे हे बरं झालं, कारण ती पुसणं सरळ आहे: सगळ्या जागेवर एकदा शून्यं लिहायची. इंटरनेटवर कुणी ३५ वेळा पुसा म्हणून सांगेल. तो आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला, त्या काळच्या डिस्कसाठी. पुढे खुद्द गटमन यांनीच लिहिलं की आताच्या डिस्कवर हे सगळे ३५ फेरे मारण्यात अर्थ नाही. एक टीबीच्या डिस्कला एका फेरीला साधारण तीन तास लागतात. पस्तीस फेऱ्या म्हणजे चार दिवस लॅपटॉप घरघरत राहणार आणि पदरात जास्तीचं काही पडणार नाही.

याचे दोन मार्ग आहेत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची भीती वाटत असेल तर विंडोजमधूनच करा. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, आणि तिथे 'रीसेट धिस पीसी'. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं की लगेच पुढे जाऊ नका. 'चेंज सेटिंग्ज' उघडा. तिथे 'क्लीन डेटा' बंद असतं, ते चालू करा. सी, डी, ई सगळे पुसायचे की फक्त विंडोजचा भाग, हेही तिथेच विचारतात, सगळे निवडा. हे दोन खटके विसरलात तर दुकानदाराच्या फॉरमॅटपेक्षा फारसं वेगळं काही होत नाही. चार्जर लावून रात्रभर सोडून द्या.

मी स्वतः दुसरा मार्ग घेतो. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा सेटअप करून घ्यायचा, लॅपटॉप त्यावरून चालू करायचा, आणि पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० दाबायचं. काळी खिडकी उघडते. तिथे 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क'. इथे थांबून आकार बघा: ९३१ जीबी दिसते ती तुमची एक टीबीची डिस्क, छोटी दिसते ती पेनड्राइव्ह. बॅकअपची बाहेरची डिस्क या वेळी जोडलेली नसावी, ती टेबलावरही ठेवू नका, कपाटात ठेवा. मग आपली डिस्क 'सिलेक्ट' करून 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' केलंत तर क्षणात होतं आणि ते निरुपयोगी आहे. 'ऑल' लावलं तरच शून्यं लिहिली जातात. पडद्यावर काहीच हलत नाही, टक्केवारी नाही, काही नाही. लोक घाबरून बंद करतात. करू नका, वाट बघा. झालं की त्याच पेनड्राइव्हवरून विंडोज टाका. मशीनवर आधी अस्सल विंडोज चालू असेल तर लायसन्सची नोंद मदरबोर्डशी बांधलेली असते, इंटरनेट मिळालं की आपोआप लागू होते.

खात्री करायची हौस असेल तर विंडोज टाकण्याआधी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फोटोरेक चालवा. शून्य फाइली सापडायला हव्यात.

हे उत्तर आणखी लोक वाचतील म्हणून एसएसडीबद्दलही, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कबद्दलही सांगतो, कारण तिथे शून्यं लिहिण्याचा उपाय पुरेसा भरवशाचा नाही. एसएसडी झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून एकाच जागी पुन्हा लिहीत नाही, आणि काही जागा राखीव ठेवते जी विंडोजला दिसतच नाही. तुम्ही 'त्याच' फाइलवर लिहिता, ती लिहिते भलतीकडेच. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी हे तपासलं तेव्हा हार्ड डिस्कसाठीची एकेक फाइल पुसायची एकही पद्धत एसएसडीवर भरवशाची निघाली नाही. म्हणून एसएसडी असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा. ऑफिससाठीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर इरेज' किंवा 'डेटा वाइप' असतं, ते डिस्कलाच स्वतःला पुसायला सांगतं. नसेल आणि विंडोज प्रो असेल तर आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करायचं साधन, लावा, आणि तो विचारतो तेव्हा फक्त वापरलेली जागा नव्हे तर पूर्ण ड्राइव्ह निवडा, नाहीतर आधी डिलीट केलेलं उघडंच राहतं. मग रीसेट. कुलूपबंद मजकूर राहिला तरी किल्ली गेलेली असते. मॅकवाल्यांचं काम सोपं: टी२ चिप किंवा एम मालिकेतली चिप आणि मॅकओएस मॉन्टेरे किंवा पुढची सिस्टम असेल तर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज', बस.

लॅपटॉप चालूच होत नसेल तर पुसायच्या भानगडीत पडू नका. मागचे स्क्रू काढा, डिस्क काढून घ्या, लॅपटॉप तसाच विका. भाव थोडा पडेल. पण काहीशे रुपयांच्या, यूएसबीनं जोडायच्या केसिंगमध्ये ती डिस्क घातली की घरच्या बॅकअपची सोय होते. टॅलीच्या हिशेबासारखं काही असेल तर मी चालू लॅपटॉपलाही हेच सुचवतो.

पुसून झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून तो लॅपटॉप काढा, गुगलच्या 'युवर डिव्हायसेस' मधूनही, आणि फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे लिंक्ड डिव्हायसेस बघून जुनी नोंद असेल तर लॉग आउट करा. नवं विंडोज देश आणि भाषा विचारतं त्या पडद्यावरच मशीन बंद करून गिऱ्हाइकाला द्या. "चालतंय का ते जरा बघू" म्हणून तिथे स्वतःचं खातं घालू नका.