चारशे काड्यांचं उत्तर

"मॅडम, सातवीपर्यंत हिचं गणित चांगलं होतं. आता गणिताचा तास असला की सकाळपासून पोट दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. हिला बीजगणित झेपणारच नाही का?"

आठवीतल्या मुलीची आई विचारत होती आणि मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. शाळेत समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. आकडेमोडीत तरबेज असलेलं मूल अक्षरं आली की अडखळतं आणि घरातले समजतात, याची बुद्धीच इथवर होती. त्या आईला मी आधी एवढंच सांगितलं की पोट खरंच दुखतंय, ती नाटक करत नाहीये. भीती शरीरात उतरतेच.

मग मुलीसमोर कागद ठेवून लिहिलं: ८ + ४ = □ + ५. तिने झटकन चौकटीत १२ भरलं. "आणि हे पाच?" असं विचारल्यावर तिने पुढे "= १७" असं जोडलं. हे उत्तर मी कितीतरी मुलांकडून पाहिलंय. बेरीज अचूक असते, पण बरोबरचं चिन्ह त्यांना "आता उत्तर लिहा" असा हुकूम वाटतं. प्राथमिक शाळेत वर्षानुवर्षं डावीकडे गणित आणि उजवीकडे उत्तर असंच पाहिलेलं असतं. अशा मुलापुढे २क्ष + ३ = क्ष + ७ आलं तर त्यानं उत्तर शोधायचं कुठे? मग "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हा मंत्र पाठ होतो आणि एक दिवस तो दगा देतो.

मी तिला सांगितलं की हे बरोबरचं चिन्ह वेल्समधले गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये छापलं, आणि सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा निवडल्या, कारण त्याहून सारख्या दोन गोष्टी त्यांना सुचेनात. ती त्या दोन रेघांकडे बराच वेळ बघत राहिली.

मग काडेपेट्या काढल्या. टेबलावर मधोमध दोरा ठेवला. एका बाजूला दोन बंद पेट्या आणि तीन सुट्या काड्या, दुसऱ्या बाजूला एक पेटी आणि सात काड्या. अट एकच: प्रत्येक पेटीत सारख्याच काड्या आहेत आणि दोन्ही बाजू समान आहेत. पेटी न उघडता आत किती ते सांगायचं. तिने दोन्हीकडची एकेक पेटी उचलली, मग तीन-तीन काड्या उचलल्या आणि हळूच म्हणाली, "चार." उघडून पाहिलं. चारच होत्या. हात जे करत होते तेच ओळीओळीने कागदावर लिहायला लावलं, तेव्हा चिन्ह का बदलतं ते कुणी न सांगता तिला दिसलं. "मग क्ष म्हणजे ही बंद पेटी?" हा तिचाच प्रश्न. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात संख्येला यावत्-तावत्, म्हणजे जितकं असेल तितकं, म्हटलंय आणि आणखी अज्ञात संख्या आल्या की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं दिलीत. हे ऐकून तिने स्वतःच्या पेटीला निळा रंग दिला.

पण भीती माझ्या खोलीत नव्हती, वर्गात होती. म्हणून गणिताच्या सरांना भेटले. सर मनाने चांगले आणि मुलांसाठी धडपडणारे. ते बीजगणिताचे खेळ घेतही होते, पण घड्याळ लावून, गट पाडून, फळ्यावर गुण मांडून. माझं मत स्पष्ट आहे: घाबरलेल्या मुलासाठी असा खेळ परीक्षेपेक्षा वाईट, कारण तिथे चूक सगळ्यांसमोर होते आणि गटाचे गुणही जातात. सरांना काळजी अभ्यासक्रमाची होती. आम्ही आठवड्यातल्या गणिताच्या दोन तासांची पहिली दहा मिनिटं अशा कृतींसाठी ठरवली. घड्याळ नाही, गुण नाहीत.

पहिल्या दिवशी सरांनी काड्यांचे चौकोन एका ओळीत जोडायला दिले. एका चौकोनाला ४ काड्या, दोनला ७, तीनला १०. शंभर चौकोनांना किती? मी मागच्या बाकावर बसले होते. एकाने सांगितलं, पहिली एक काडी आणि मग प्रत्येक चौकोनाला तीन, म्हणजे ३०१. दुसरीने वरच्या शंभर, खालच्या शंभर आणि उभ्या एकशेएक मोजल्या. आमच्या मुलीच्या वहीत ४०० होतं आणि ती ते हाताने झाकत होती. सरांनी ते पाहिलं आणि आमचं ठरलं होतं तसंच विचारलं, "चारशे कुणाकुणाचं आलंय? या उत्तरात नक्की काय जास्त मोजलं गेलं?" पाच-सहा हात वर झाले, शेवटी तिचाही. तीच म्हणाली, "सर, मधली काडी दोन चौकोनांची आहे, मी ती दोनदा मोजली. अशा नव्व्याण्णव आहेत." चारशेतून नव्व्याण्णव गेले, तीनशे एक. न म्हणजे चौकोनांची संख्या धरून सरांनी फळ्यावर ३न + १ च्या खाली ४न − (न − १) लिहिलं आणि दोन्ही एकच कसं ते वर्गाकडून सोडवून घेतलं. पदावलीचं सरळ रूप का द्यायचं, याचं इतकं चांगलं कारण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढे कागदाचा चौरस कापून (अ + ब)² मध्ये २अब कुठून येतं तेही झालं. पण सरांना सगळ्यात उपयोगी पडली ती चूक शोधण्याची कृती: मुद्दाम चुकवलेलं उदाहरण फळ्यावर, आणि चूक कुठे झाली ते जोडीने शोधायचं.

पोटदुखी लगेच थांबली नाही. चाचणीच्या दिवशी पोट पुन्हा दुखलं आणि अपूर्णांक असलेली समीकरणं अजून तिला नकोशी वाटतात. आईला मी सांगितलं की घरी गुण विचारू नका, आज वर्गात कुणी कोणती रीत काढली ते विचारा.

परवा ती मधल्या सुट्टीत धावत आली. वहीत काड्यांच्या त्रिकोणांची रांग होती. "मॅडम, शंभर त्रिकोणांना दोनशे एक. सर उद्या हे वर्गाला देणार आहेत. आणि काहीजण तीनशे म्हणतील, ते कसं दुरुस्त करायचं तेही मी लिहून ठेवलंय."